जोंगा घ्या, पण टोकन देण्याआधी आरसी पुस्तक ऑनलाइन चढवून घ्या

चोपड्याच्या भाऊंनी परवा विचारलंय की 1984 ची पेट्रोल जोंगा (लष्कराने काढून टाकलेली जीपसारखी गाडी) मिळतेय, एमपी पासिंग, हाताने लिहिलेलं जुनं आरसी पुस्तक, आणि डीलर म्हणतो ‘एनओसी आठ दिवसांत हातात देतो’ (म्हणजे मूळ आरटीओचा ना-हरकत दाखला). एमएच 19 ला, म्हणजे जळगावला, पासिंग होईल का? आणि मावसभाऊ वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत आहे, तर त्याच्या ओळखीने गाडीचा एखादा दाखला निघेल का? ते ‘आठ दिवसांत’ वाचून हसावं की रडावं कळेना. माझ्या जोंगाच्या वेळी शब्दन् शब्द हेच ऐकलं होतं.

गाडीची तब्येत कशी बघायची, फोर बाय फोर लागतं का, तळ कुठे सडलाय, हे मी सांगत बसत नाही. जोंगा शोधणाऱ्याला तेवढं कळतंच. मी फक्त कागदांवर बोलतो. मी वकील नाही, एजंटही नाही. जे भोगलं ते सांगतोय. नियम बदलत राहतात, अर्ज करण्याआधी परिवहनच्या साइटवर एकदा खात्री करा.

आधी फॅक्टरीचं. आपल्याकडे ‘फॅक्टरी’ म्हटलं की भुसावळ नाहीतर वरणगाव, त्यामुळे हा घोळ बऱ्याच जणांचा होतो. भुसावळला दारूगोळ्याच्या पेट्या, डबे अशी धातूची पॅकिंग बनतात, वरणगावला काडतुसं. गाड्यांशी दोघांचा संबंध नाही. जोंगा बनली जबलपूरच्या वाहन निर्माणीत (व्हेइकल फॅक्टरी जबलपूर, म्हणजे व्हीएफजे). निस्सानच्या परवान्यावर, 1969 पासून 1999 पर्यंत. शक्तिमान ट्रकही तिथलाच, आणि नंतरचे स्टॅलियनही. पूर्वी हे सगळं एकाच आयुध निर्माणी बोर्डाखाली होतं. 1 ऑक्टोबर 2021 ला बोर्ड मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. जबलपूरची वाहन निर्माणी चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे गेली, भुसावळ नागपूरच्या यंत्र इंडियाकडे, वरणगाव पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे. म्हणजे मावसभाऊंचा साहेबसुद्धा आता वेगळ्या कंपनीचा.

आणि समजा, मावसभाऊ थेट जबलपूरलाच असते तरी उपयोग शून्य. फॅक्टरीने गाडी बनवून लष्कराला दिली, तिचं काम संपलं. बाणाची खूण असलेला लष्करी नंबर लष्कराने दिला. गाडी काढून टाकली तेव्हा विक्रीचा दाखला दिला तो लिलाव करणाऱ्या डेपोने. आरटीओला लागतो तो हा दाखला, फॉर्म 21, तोही ओरिजिनल. झेरॉक्सवर कोणी काही करत नाही.

तुमच्या गाडीला एमपीचा नंबर आहे, म्हणजे ही पायरी कधीच पार पडलीय. एका अर्थाने नशीब. ज्या गाड्या फक्त लिलावाच्या कागदावर फिरतात, त्यांच्या नादी या काळात लागू नका असं माझं स्पष्ट मत आहे. 1 एप्रिल 2020 पासून बीएस 6 या प्रदूषणाच्या निकषाखालच्या गाडीची नवी नोंदणी बंद झाली. त्यानंतर चाळीस वर्षांच्या पेट्रोल इंजिनाची ‘पहिली’ नोंदणी करून देतो म्हणणारा माणूस तुमच्या पैशावर डोळा ठेवून आहे. कोणी म्हणेल विंटेजमध्ये करा. 2021 पासून ती सोय आहे, फी 20,000, पण त्याला गाडी 50 वर्षांच्या वर लागते. तुमची 84 ची, बसत नाही. शिवाय विंटेज नंबरवर रोज शेतात जायची परवानगी नसते.

आता मुख्य दुखणं. हाताने लिहिलेलं पुस्तक.

ते पुस्तक खरं असेल, शिक्के खरे असतील, सही खरी असेल. तरी जोवर ती नोंद आरटीओच्या ‘वाहन’ या ऑनलाइन प्रणालीत चढलेली नाही तोवर एनओसीचा अर्ज पुढे सरकतच नाही. जुनी नोंद चढवायची ती मूळ आरटीओनेच, त्याला बॅकलॉग एंट्री म्हणतात. माझ्या गाडीचं मूळ कार्यालय शेजारच्या राज्यात, नाव घेत नाही. तिथल्या बाबूचं पालुपद एकच, ‘रजिस्टर नहीं मिल रहा, परसों आओ.’ परसों गेलं की बाबू रजेवर. बाबू भेटला की सर्व्हर डाऊन. शेवटी एका म्हाताऱ्या शिपायाने मागच्या खोलीतून लाल फडक्यातला गठ्ठा काढला आणि माझ्यासमोर धूळ झटकून पान उघडलं. कडा वाळवीने खाल्लेल्या, पण माझा नंबर स्वच्छ, निळ्या शाईत, आणि निर्मात्याच्या रकान्यात ‘व्हीएफजे’. मला वाटलं, सुटलो.

नाही. डाटा एंट्री करणाऱ्या पोराला व्हीएफजे म्हणजे काय ते माहीत नव्हतं. त्याने गाडीचा फोटो पाहिला, जीपसारखी दिसली, आणि यादीतून ‘महिंद्रा’ निवडून टाकलं. मी बाहेरच्या बाकावर बसलेलो, मला कोणी स्क्रीन दाखवली नाही, विचारलं तर ‘हो गया, हो गया’. एनओसी निघाली. गाडी इकडे आणली. इथल्या इन्स्पेक्टरने चॅसिसवरचा रंग खरवडायला लावला, रॉकेलच्या फडक्याने पुसून नंबर वाचला, बॉनेटखालची पट्टी वाचली. पट्टीवर जबलपूर, कागदावर महिंद्रा. त्याने फाइल परत केली आणि मी त्याला दोष देत नाही, त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

दुरुस्तीसाठी पुन्हा त्याच कार्यालयात. आता तर एनओसी दिलेली, म्हणजे गाडी त्यांच्या लेखी त्यांची राहिलीच नव्हती. आधी एनओसी रद्द करा, मग दुरुस्तीला वरच्या साहेबाची मंजुरी, आणि साहेबाची तेवढ्यात बदली. केळीचा अख्खा हंगाम गाडी शेडमध्ये उभी. बॅटरी मेली, टायर एका बाजूने बसले, टाकीतल्या गंजाने कार्बोरेटर भरला. त्या एका क्लिकची किंमत मी इंजिनकामाच्या बिलाएवढी मोजलीय. माफी सोडा, ‘चूक आमची’ एवढंही कोणी म्हटलं नाही. उलट मलाच विचारलं, ‘आपने चेक क्यों नहीं किया?’

म्हणून टोकनसुद्धा देण्याआधी डीलरला सांगा, गाडी एमपरिवहन ॲपवर दाखव. नंबर टाकला की निघाली पाहिजे. निघाली तर निर्माता, इंधन, चॅसिस नंबर, इंजिन नंबर आणि नोंदणीची वैधता एकेक करून पुस्तकाशी आणि गाडीशी जुळवा. ॲपवर नंबर अर्धे झाकलेले दिसतात, त्यामुळे आरटीओतून पूर्ण तपशिलाची प्रिंट मालकाच्या नावाने काढायला लावा. नाही निघाली तर बॅकलॉगचं काम त्याचं, तुमचं नाही. ‘तुम्ही पैसे द्या, मी करून देतो’ म्हणाला तर चहा पिऊन उठा. वैधता संपली असेल तर नूतनीकरणही आधीच्या मालकाकडूनच, तिकडेच. 20 वर्षांवरच्या हलक्या मोटारीची ती फी ऑगस्ट 2025 पासून 10,000 झालीय, तेव्हा भावात धरून घासाघीस करा. हे जमलं की फॉर्म 28 ची एनओसी, 29-30 चं ट्रान्सफर, 27 चा नवा नंबर आणि इथला टॅक्स ही सरळ कामं आहेत, जळगावचा कुठलाही एजंट झोपेत करेल.

इंजिनाचंही बघा. मूळ इंजिन सहा सिलिंडरचं, 3956 सीसी पेट्रोल. पेट्रोल परवडत नाही म्हणून निम्म्या लोकांनी डिझेल बसवलंय, आणि पुस्तकात अजून पेट्रोलच. परवानगी न घेता बदललेलं इंजिन म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चं लफडं, पासिंगच्या दिवशी उघडं पडणारच. तुमची खरंच पेट्रोल असेल तर तशीच ठेवा. मला लिटरला चार-पाचच्या वर कधी गेली नाही, पण पावसाळ्यात काळ्या मातीत ट्रॅक्टर रुतला तेव्हा तिनेच ओढून काढलाय. डीलर धोनीचं नाव घेऊन भाव वाढवेल. धोनीने 2019 ला घेतली हे खरं, पण त्याला रावेरच्या बाजारात केळी न्यायची नव्हती.

मे महिन्यात भुसावळच्या उन्हात गाडी अचानक बंद पडली तर लगेच मेकॅनिकला फोन करू नका. पेट्रोलची वाफ अडकते. फ्युएल पंपावर ओलं फडकं ठेवा, थोडं थांबा, चालू होते. आमच्या गाडीत एक फडकं आणि पाण्याची बाटली कायम असते.

आणि रंग. हौसेने मिलिटरी हिरवा ठेवू नका. लष्कराच्या गाड्या सोडून कोणालाही ऑलिव्ह ग्रीन चालत नाही, मोटार वाहन नियम 121. मी मातकट बदामी रंग दिला, पासिंगच्या आधीच. रंग बदलल्याची नोंद मात्र आरसीवर करून घ्यावी लागते, ते काम नव्या नंबराच्या अर्जाबरोबरच उरकून टाका. पुस्तकाचं पहिलं पान नंबर झाकून इथे टाकलंत तर बघून सांगतो.