एकच शॉर्टकट, पण मेलमध्ये वेगळा आणि चॅटमध्ये वेगळा

तुम्हाला हवंय ते असं: ‘;सही’ टाइप केलं की मेलमध्ये नाव, हुद्दा, फोन अशी पूर्ण सही यावी, चॅटमध्ये नुसतं नाव यावं आणि कोड एडिटरमध्ये काहीच होऊ नये. शिवाय समोर साहेब आहेत की मित्र, हेही त्याने ओळखावं. पहिल्या तिन्ही गोष्टी जमतात. चौथीचा नाद सोडा, का ते पुढे सांगतो.

एक्स्पान्शन करणाऱ्या, म्हणजे छोट्या शॉर्टकटच्या जागी पूर्ण मजकूर टाकणाऱ्या प्रोग्रामला मुळात दिसतं काय? कोणतं अ‍ॅप पुढे आहे, त्याच्या विंडोचं शीर्षक काय आहे आणि तुम्ही आत्ता कोणत्या कळा दाबल्या. एरवी त्याच्या हाती फारसं काही नसतं. म्हणून अटी यांवरच बांधायच्या. त्यातही अ‍ॅपचं नाव भरवशाचं, शीर्षक त्या मानाने लहरी.

विंडोजवर ऑटोहॉटकी हा स्क्रिप्ट लिहून कळांना कामं लावणारा प्रोग्राम असेल तर (आवृत्ती 2 धरून लिहितोय) ‘#हॉटइफ’ ही ओळ वापरायची. अमुक एक्झी फाइलची विंडो पुढे असेल तर, अशी अट तिच्यात लिहिली की पुढची #हॉटइफ येईपर्यंत खालच्या सगळ्या हॉटस्ट्रिंगना (‘;सही’सारख्या टाइप करायच्या शॉर्टकटना) ती लागू होते. नुसतं रिकामं #हॉटइफ लिहिलं की अट संपते. आवृत्ती 1 मध्ये याच कामाला ‘#इफविनअ‍ॅक्टिव्ह’ होतं, त्यामुळे जुन्या स्क्रिप्टमधून ओळी उचलताना बघून घ्या. (इथे देवनागरीत लिहिलंय, फाइलमध्ये ही नावं रोमनच लागतात.)

इथे एक खाच आहे. एकाच शॉर्टकटच्या दोन आवृत्त्यांच्या अटी एकाच वेळी पूर्ण होत असतील, तर स्क्रिप्टमध्ये जी आधी आली ती चालते. हॉटकीच्या (कळा एकत्र दाबून चालणाऱ्या शॉर्टकटच्या) बाबतीत विनाअटीची आवृत्ती आपोआप शेवटची धरली जाते, पण हॉटस्ट्रिंगला ही सवलत नाही. म्हणजे साधी ‘;सही’ वर लिहून खाली चॅटची वेगळी लिहिलीत, तर चॅटची कधीच चालणार नाही आणि तुम्ही अटीतच चूक शोधत बसाल. सगळ्यात नेमकी अट वर, तिच्यापेक्षा ढोबळ तिच्याखाली, विनाअटीची तळाला. कोड एडिटरसाठी याच तळाच्या आवृत्तीला ‘एडिटर पुढे नसेल तर’ अशी उलटी अट लावा, काम झालं.

एस्पान्सो हा असाच दुसरा प्रोग्राम, तो मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. त्याची रचना वेगळी, आणि मला स्वतःला ती जास्त पटते, कारण अटी एका फोल्डरमध्ये आणि मजकूर दुसऱ्यात राहतो. ‘मॅच’ फोल्डरमध्ये पूर्ण सहीची एक वेगळी फाइल करा. चॅटच्या सहीची दुसरी करा, पण तिच्या नावाची सुरुवात अंडरस्कोअरने करा. अशी फाइल आपणहून लोड होत नाही, कोणी बोलावलं तरच येते. मग ‘कॉन्फिग’ फोल्डरमध्ये चॅटसाठी एक फाइल टाका. तिच्यात ‘फिल्टर_एक्झेक’समोर अ‍ॅपचं नाव, ‘एक्स्ट्रा_इन्क्लूड्स’मध्ये अंडरस्कोअरवाली फाइल आणि ‘एक्स्ट्रा_एक्स्क्लूड्स’मध्ये पूर्ण सहीची फाइल द्या. ही शेवटची ओळ लोक हमखास विसरतात. मग एकाच ट्रिगरचे (टाइप करायच्या शॉर्टकटचे) दोन मजकूर सापडतात आणि एस्पान्सो दर वेळी ‘यातला कोणता?’ असं विचारत पर्याय दाखवतं. एडिटरच्या फाइलमध्ये ‘फिल्टर_एक्झेक’सोबत फक्त ‘इनेबल: फॉल्स’ पुरतं.

अ‍ॅपचं नेमकं नाव काय हे अंदाजाने लिहू नका. त्या अ‍ॅपमध्ये ‘#डिटेक्ट#’ टाइप केलं की एस्पान्सो स्वतःच माहिती दाखवतं. लिनक्सवर विंडो दाखवणारी यंत्रणा वेलँड असेल तर मात्र ही अ‍ॅपनिहाय सोय चालत नाही, एक्स11 ही जुनी यंत्रणा लागते.

मॅकवर टेक्स्टएक्स्पांडर या अशाच प्रोग्राममध्ये शॉर्टकटच्या ग्रुपलाच ‘फक्त या अ‍ॅपमध्ये’ किंवा ‘या अ‍ॅप सोडून’ असं सांगता येतं, तिथे फार डोकं लावावं लागत नाही. मॅकवर कधी अचानक काहीच विस्तारेनासं झालं तर आधी पासवर्डची चौकट उघडी आहे का ते बघा. तिथे सिक्युअर इनपुट चालू होतं आणि अशा प्रोग्रामना कळा दिसेनाशा होतात. आयफोनच्या टेक्स्ट रिप्लेसमेंटला अ‍ॅपनिहाय अट नाहीच, तिथे दोन वेगळे शॉर्टकट ठेवा.

आता ब्राउझर. मेल आणि चॅट दोन्ही टॅबमध्ये चालत असतील तर एक्झी फाइल एकच, म्हणून शीर्षकावर यावं लागतं. ऑटोहॉटकीच्या आवृत्ती 2 मध्ये शीर्षकात कुठेही शब्द आला तरी जुळलं असं धरलं जातं. समजा चॅट अ‍ॅपचं नाव तुम्ही अटीत टाकलंत आणि कोणी त्याच नावाचा विषय देऊन मेल पाठवला, तर मेलमध्ये चॅटची सही येणार. म्हणून नुसता शब्द देऊ नका. शीर्षकाची सुरुवात किंवा शेवट रेग्युलर एक्स्प्रेशनने (मजकुराचा नमुना जुळवायच्या सूत्राने) बांधून घ्या.

कोडमध्ये मात्र उलट शॉर्टकट हवे असतील, तर ते एडिटरकडेच द्या. व्हीएस कोडच्या स्निपेटला (साठवलेल्या कोडच्या तुकड्याला) ‘स्कोप’ देऊन भाषा ठरवता येते, ईमॅक्समध्ये प्रत्येक मोडचा स्वतःचा अ‍ॅब्रेव्ह तक्ता असतो, व्हिममध्ये संक्षेप एका बफरपुरता (उघडलेल्या एका फाइलपुरता) ठेवता येतो. फाइल कोणत्या भाषेतली आहे हे एडिटरला आतून माहीत असतं. बाहेरून शीर्षक वाचणाऱ्याची ती बरोबरी नाही.

राहिला साहेब-मित्राचा प्रश्न. मेल कोणाला चाललाय हे विंडोच्या शीर्षकावरून खात्रीने कळत नाही, आणि इथली चूक महागात पडते. चॅटमध्ये पूर्ण सही गेली तर जरा विचित्र दिसतं, इतकंच. साहेबांना ‘काय मग, कधी भेटतोस?’ गेलं तर निस्तरत बसावं लागेल. अशा ठिकाणी अंदाज बांधायला लावूच नका, विचारायला लावा. एस्पान्सोत ‘चॉइस’ नावाचा व्हेरिएबल आहे, टेक्स्टएक्स्पांडरमध्ये भरायच्या जागी पॉपअप मेनू ठेवता येतो. एक जादा कळ दाबावी लागते, पण काय जाणार आहे ते आधी दिसतं. माझा साधा नियम: मजकूर तोच आणि फक्त त्याची लांबी किंवा मांडणी बदलत असेल, तर संदर्भावर सोडायला हरकत नाही. अर्थ किंवा सूर बदलत असेल तर एक तर मेनू, नाहीतर सरळ दुसरा शॉर्टकट.

तुमचं चॅट टॅबमध्ये चालतं की स्वतंत्र अ‍ॅपमध्ये? टॅबमध्ये असेल तर शीर्षक जसं दिसतं तसं अक्षरशः इथे टाका, त्यावर बसेल अशी अट लिहून देतो.