ढोलाची झूल की ढोलाची गवसणी?

सोलापूरच्या एका वडिलांनी विचारलं आहे: मुलीने २६ जानेवारीच्या संचलनावर निबंध लिहिला, त्यात ‘पोलीस बँडच्या मोठ्या ढोलावर लाल मखमली गवसणी होती’ असं वाक्य होतं. बाईंनी ‘गवसणी’ खोडून ‘झूल’ केलं. झूल तर बैलाची, मग ढोलाला गवसणीच शोभत नाही का?

मी बाईंच्या बाजूने आहे. पण मुलीचा शब्दही वाया जात नाही, कारण त्या ढोलावर कापडं दोन असतात.

संचलनाच्या तालमीला मी मैदानाच्या कडेला उभा होतो. गाडीतून मोठा ढोल उतरला तो खाकी कॅनव्हासमध्ये गुंडाळलेला. शिपायाने नाड्या सोडल्या, कॅनव्हास काढला, नीट घडी घालून गाडीत ठेवला. आत मखमल. सोनेरी झालर, मधोमध ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ भरतकामात. ती कुणी काढली नाही. ढोल गळ्यात चढला, पहिला टोला पडला आणि झालर टोकापर्यंत थरथरली.

गाडीत राहिली ती गवसणी. मैदानात आली ती झूल.

गवसणी वाद्य झाकते. आमच्या घरी तंबोऱ्याला जुन्या चादरीची गवसणी होती. भोपळ्यापासून खुंट्यांपर्यंत अख्खा तंबोरा आत जायचा आणि ती उतरवल्याखेरीज तार छेडणं शक्यच नव्हतं. संपूर्ण वेढून टाकणं हा या शब्दाचा प्राण आहे, म्हणून तर ‘आकाशाला गवसणी घालणे’ म्हणतो. तिथे ‘झूल’ घालून पाहा, वाक्य लगेच कोसळतं. मखमल मात्र ढोलाच्या फक्त अंगावर असते, दोन्ही तोंडं मोकळी. तशी नसतील तर वाजवणार काय?

आता बैलाचं. बेंदराला बैलाच्या पाठीवर झूल पडते, हे खरं. ‘अधिकाराची झूल’ असं आपण पोकळ डौलासाठी म्हणतो, त्यामुळे शब्दाला थोडा कमीपणाही चिकटला आहे. वडिलांना खटकलं ते बहुधा यामुळे. पण झूल हत्तीचीही असते, घोड्याचीही, आणि रणवाद्यांचा प्रवास याच पाठींवरून झाला. मराठेशाहीत जरीपटक्याबरोबर साहेबनौबत, म्हणजे मानाचा नगारा, हा मोठा मान होता. नगाऱ्याची जोडी जनावराच्या दोन्ही अंगांना बांधली जायची. अरबी ‘नक्कारा’ मध्ययुगात युरोपातही पोचला, आणि पुढे तिथल्या घोडदळांत नगाऱ्यांवर जरीकामाची, बोधचिन्हांची वस्त्रं सोडण्याची रीत पडली. ब्रिटनच्या राजघराण्याच्या घोडदळात असा नगारे वाहणारा घोडा आजही संचलनात पुढे असतो. म्हणजे ढोलावरची मखमल घोड्याच्या पाठीवरच्या नगाऱ्याची वारस. तिला झूल म्हणताना शब्द फार लांबून आणावा लागत नाही.

हे वस्त्र निव्वळ शोभेचं नाही, हेही मुलीला सांगा. पलटणींच्या ढोलांवर बोधचिन्हं आणि जिंकलेल्या लढायांची नावं रंगवायची प्रथा आहे. ब्रिटिश सैन्यातल्या रायफल पलटणींकडे निशाण नसतं, म्हणून त्यांनी लढायांची ही नावं ढोलांवर मिरवली. पलटणीला नवं निशाण मिळतं तेव्हा ढोल एकावर एक रचतात, निशाण त्यांवर ठेवतात आणि धर्मगुरू त्याला आशीर्वाद देतात. मांडणी अगदी चौरंगासारखी. पोलिसांच्या निशाणाचा मानही असाच; महाराष्ट्र पोलिसांना पंडित नेहरूंनी ध्वज दिला तो दिवस, २ जानेवारी १९६१, अजून दरवर्षी साजरा होतो.

‘खोळ’ चालेल का, असंही वडिलांनी शेवटी विचारलं आहे. नको. खोळ म्हटलं की उशी डोळ्यांपुढे येते. ‘पाखर’ हा शब्द मला फार आवडतो. मूळ अर्थ हत्ती-घोड्याचं चिलखत, त्यावरून ‘मायेची पाखर’. पण त्यात रक्षण आहे, मिरवणं नाही. गणवेश शिवणाऱ्या आपल्या सोलापुरातल्या एका कारागिराला मी विचारलं, तर तो दोन्ही कापडांना ‘कव्हर’च म्हणाला. रोजच्या कामात ते चालतं, निबंधात दोन वस्तूंना दोन नावं हवीत.

एका ठिकाणी मात्र मी झूलही लिहिणार नाही. सैनिकाच्या वा पोलिसाच्या अंत्ययात्रेत ढोलावर काळं कापड घालतात आणि आवाज दबका ठेवून तो वाजवतात. वाद्य वाजतं आहे, म्हणजे ती गवसणी नव्हे. मिरवायचं तर काहीच नाही. तिथे ‘काळं वस्त्र’ एवढंच लिहावं.