प्रदूषणाचे नियम कडक केले तर मुंबई पट्ट्यातले कारखाने गुजरातला जातील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: प्रदूषणाचे नियम कडक केले की मुंबई-ठाणे-रायगडमधले कारखाने उठून गुजरातला जातील, मग पर्यावरण सांभाळून इथल्या लोकांनी पोट कसं भरायचं? शिवाय तुम्ही लिहिलंय की तुमच्या काकांचं अंबरनाथला डाय-इंटरमिजिएटचं, म्हणजे रंग बनवायला लागणाऱ्या रसायनांचं, छोटं युनिट आहे आणि त्यांच्या मते प्रदूषण नियंत्रण बोर्ड त्यांना जगू देणार नाही. मी राहतो मुलुंडला आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या लहान रासायनिक कारखान्यांच्या ईटीपीचं काम बघतो, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी बाहेर सोडण्याआधी शुद्ध करणाऱ्या प्लांटचं. काकांचं वाक्य माझ्या कानावर रोज पडतं. त्यांचा त्रास खरा आहे, पण त्याचं मूळ नियमाच्या कडकपणात आहे असं मला वाटत नाही.

आधी गुजरातचं बोलू. पाणी प्रदूषणाचा कायदा 1974 चा, हवेचा 1981 चा आणि भोपाळनंतर आलेला पर्यावरण संरक्षण कायदा 1986 चा. तिन्ही केंद्राचे, गुजरातमधल्या वापीला वेगळा कायदा नाही. 2009 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या 88 औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला आणि 70 च्या वर गेलेले 43 पट्टे अतिप्रदूषित ठरवले. त्यात आपली डोंबिवली, नवी मुंबई, तारापूर होतीच, पण यादीच्या अगदी वर अंकलेश्वर आणि वापी होते. जानेवारी 2010 मध्ये अशा पट्ट्यांतल्या नव्या प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुऱ्या थांबल्या, त्या दोन्ही राज्यांत. मुंबईतून कारखाने हलले त्यात जागेचे भाव, गाळा विकून मिळणारा पैसा आणि शेजारी उभे राहिलेले टॉवर यांचा हात फार मोठा आहे. त्याचं खापर ईटीपीवर फोडू नये.

आता मुद्द्यावर येतो. नियमामुळे कारखानदार नवं तंत्र आणतो का? आणतो, पण प्रदूषणाचं मोजमाप खरं होत असेल आणि ते सगळ्यांना सारखं लागू असेल तरच. काकांच्याच धंद्यातलं उदाहरण घ्या.

नायट्रो संयुगापासून अमाइन हे रंगाच्या धंद्यात लागणारं रसायन बनवायची जुनी रीत म्हणजे रिअॅक्टरमध्ये लोखंडाची पावडर आणि थोडं आम्ल टाकून गरम करत ढवळत राहायचं. माल निघतो आणि मागे उरतो काळा, जड चिखल. त्याला आमच्याकडे आयर्न स्लज म्हणतात. तो फिल्टर प्रेसमधून काढतात तेव्हा प्लेटा उघडल्या की त्याच्या पाट्या धप्पकन खाली पडतात, कामगाराच्या हातमोज्यांना, बुटांना, फरशीला तो डाग धरतो आणि कितीही पाणी मारलं तरी जात नाही. अॅनिलिन या अमाइनचा साधा रासायनिक हिशेब केला तर एक टन मालामागे कोरडा स्लजच पावणेदोन टनांच्या वर जातो. ओला त्याहून जास्त. तो घातक कचरा म्हणून तळोज्याच्या केंद्रात पाठवायचा, त्याचे वजनावर पैसे, वर गाडीभाडं. दुसरी रीत आहे हायड्रोजनेशनची. उत्प्रेरक वापरून हायड्रोजन द्यायचा, मालाबरोबर फक्त पाणी तयार होतं, स्लज नाहीच. पण त्यासाठी दाब सहन करणारा ऑटोक्लेव्ह लागतो, फ्लेमप्रूफ वायरिंग लागतं आणि हायड्रोजनशी खेळायचं असल्यामुळे शिकलेला ऑपरेटर लागतो. छोट्या माणसाला हा खर्च मोठा आहे.

तो हा खर्च कधी करेल? स्लज टाकण्याचा खर्च त्याच्या खिशाला खरोखर लागला तर. काका प्रामाणिकपणे तळोज्याला पैसे भरत असतील आणि पलीकडचा गाळेवाला रात्री टेम्पो भरून कुठल्या तरी माळावर ओतून येत असेल, तर काकांचा माल महाग पडणार आणि पार्टी पलीकडच्याकडे जाणार. अशा ठिकाणी नवं तंत्र आणणारा माणूस बुडतो. मी हे डोळ्यांनी पाहिलंय, आणि चांगलं काम करणाऱ्या माणसाला धंद्यातून बाहेर पडताना पाहणं फार जिव्हारी लागतं. काकांना जगू न देणारा आहे तो हा पलीकडचा गाळेवाला आणि त्याला न पकडणारी व्यवस्था.

मोजमापाचं महत्त्व कळायला गुजरातमध्येच झालेला एक प्रयोग बघा. तिथे कारखान्यांना बाहेरच्या ऑडिटरकडून प्रदूषणाचा अहवाल घ्यावा लागायचा, पण ऑडिटर निवडायचा कारखान्याने आणि पैसेही त्यानेच द्यायचे. धुराड्यातल्या धूलिकणांची मर्यादा घनमीटरला 150 मिलिग्रॅम, आणि अहवालातले आकडे नेमके 150 च्या जरासे खाली गोळा झालेले असायचे. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थतज्ज्ञांनी गुजरात मंडळाबरोबर व्यवस्था बदलून पाहिली. ऑडिटर चिठ्ठी टाकून नेमायचा, पैसे सामाईक निधीतून द्यायचे आणि काही मोजण्या पुन्हा करून ताडून बघायच्या. अहवाल खरे यायला लागले, आणि महत्त्वाचं म्हणजे कारखान्यांनी प्रदूषणही कमी केलं. मर्यादा होती तीच होती. पुढे 2019 मध्ये सुरतला धूलिकणांच्या परवान्यांचा बाजार सुरू झाला. धुराड्यावर सतत मोजणारं यंत्र, सगळ्यांच्या एकूण उत्सर्जनावर कमाल मर्यादा, आणि ज्याने कमी सोडलं त्याने उरलेला परवाना विकायचा. धूलिकण 20 ते 30 टक्क्यांनी घटले आणि कारखान्यांचा नियम पाळण्याचा खर्चही थोडा कमी झाला. ज्या राज्यात सगळे पळून जातील म्हणून आपण घाबरतो, तिथे हे झालंय.

आपल्याकडेही महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2017 मध्ये कारखान्यांना धुराच्या मोजणीवरून एक ते पाच तारे द्यायची योजना सुरू केली आणि ती माहिती लोकांसाठी खुली ठेवली. चांगलं पाऊल होतं ते. असं आणखी पाहिजे, पाण्याच्या बाबतीत तर नक्कीच.

दुसरी गोष्ट सामाईक सोयीची. छोट्या युनिटला एकट्याने सगळं जमत नाही, म्हणून एमआयडीसीत सीईटीपी असतो, सगळ्यांच्या सांडपाण्याचा एकत्र प्लांट. तो त्या भागाच्या अर्थव्यवस्थेचा कणाच म्हणा. तारापूरला काय झालं ते बघा. सीईटीपी तेव्हा रोज अडीच कोटी लिटरचा होता, येणारं पाणी त्याहून कितीतरी जास्त. 2018 च्या निर्देशांकात तारापूर 93.69 गुणांनी सगळ्यात प्रदूषित म्हणून देशात पहिलं आलं. हरित लवादात दाद मागितली ती मांगेला समाजाच्या संघटनेने, म्हणजे किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी. कारखान्यांचा खर्च वाचत होता असं आपल्याला वाटतं, पण तो खर्च कोणीतरी भरत होतं, जाळं टाकून.

याउलट तिरुपूर. जानेवारी 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथली सातशेच्या आसपास रंगाई युनिट्स बंद करायला लावली, कारण नोय्यल नदी रंगाच्या पाण्याने मेली होती. हाहाकार झाला, काही धंदा दुसरीकडे गेला, मजुरांचे हाल झाले. हे लपवण्यात अर्थ नाही. पण सरकारने पैसा दिला, युनिट्स एकत्र आली, आणि आज तिथले सामाईक प्लांट बहुतेक पाणी परत वापरात आणतात, रंगाईला लागणारं मीठही परत मिळवतात. तिरुपूर आजही होजिअरीच्या निर्यातीचं मोठं केंद्र आहे. आपल्याकडे उल्हासनगरच्या जीन्स धुलाईवर कारवाई झाली तेव्हा त्यातले काही आजूबाजूच्या गावांत सरकले. तिरुपूरसारखी सामाईक सोय उभी न करता नुसतं कुलूप लावलं की असं होतं.

खुद्द मुंबईत दोन उदाहरणं शेजारी शेजारी आहेत. महानगर गॅस 1995 मध्ये स्थापन झाली, पंप उभे राहायला लागले, मग 2001 मध्ये उच्च न्यायालयाने जुन्या टॅक्सी सीएनजीवर न्यायला सांगितलं. सुरुवातीला पंपावर रांगा लागायच्या, टॅक्सीवाले वैतागायचे, पण सीएनजी पेट्रोलहून स्वस्त असल्यामुळे किटचा खर्च वसूल झाला. किट बसवणारे गॅरेजवाले, सिलिंडर तपासणारे, पंपावरची पोरं, असा नवा रोजगार त्यातून उभा राहिला. आता बेकऱ्यांचं बघा. 9 जानेवारी 2025 ला उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅसवर किंवा विजेवर न्यायला सांगितलं. निर्णय योग्यच आहे. भंगारातलं प्लाय, जुन्या दारं-खिडक्यांचं रंग लावलेलं लाकूड भट्टीत जातं, त्याचा धूर शेजारच्या चाळीतली मुलं श्वासात घेतात. पण आमच्या भागातला पाववाला विचारतो की गल्लीत गॅसची पाइपलाइनच नाही, रस्ता खोदायची परवानगी कोण काढणार, आणि जुनी विटांची भट्टी पाडून नवा ओव्हन येईपर्यंत दोन महिने पाव कुठे भाजू? टॅक्सीच्या वेळी पंप आधी उभे राहत होते. इथे पाइप आणि कर्ज दोन्ही आदेशाबरोबरच दारात यायला हवं होतं.

मोठ्यांनी काय करता येतं याचा नमुना चेंबूरला आहे. आरसीएफ या सरकारी खत कारखान्याने महापालिकेचं सांडपाणी शुद्ध करून कारखान्यात वापरायचा प्लांट 2000 च्या सुमारास सुरू केला. पिण्याचं पाणी तेवढं वाचलं, आणि पाणीकपातीत कारखाना अडला नाही. टीटीसीतल्या, म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या, मध्यम कारखान्यांनी गटाने हे करायला काहीच हरकत नाही.

आणि 'अर्थव्यवस्था' म्हणताना खाडी विसरू नका. मुलुंड-भांडुपच्या बाजूने ठाणे खाडी दिसते, 2015 पासून तिथे फ्लेमिंगो अभयारण्य आहे, 2022 मध्ये ती रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. पण तिच्या काठच्या कोळीवाड्यांतला जिताडा, खेकडा, कोळंबी हा कुणाच्याच ताळेबंदात नसतो. दिवाळे गावच्या किंवा माहूलच्या कोळणीला मासळी मिळाली नाही तर तो या पट्ट्याचाच तोटा आहे. कारखान्यातले दहा रोजगार मोजताना खाडीतले वीस गेले असतील तर वजाबाकी कोणीतरी करायला हवी, आणि ती आज कोणीच करत नाही, याचा मला राग येतो.

काकांसाठी एक काम सांगतो. मागच्या सहा महिन्यांची बिलं काढा आणि एका कागदावर मांडा: कच्चा माल किती किलो घेतला, तयार माल किती विकला, मधला फरक कुठे गेला. तो फरक ईटीपीत, स्लजमध्ये किंवा चिमणीतून गेलेला असतो, आणि त्याचे पैसे काकांनी एकदा विकत घेताना आणि पुन्हा विल्हेवाट लावताना असे दोनदा दिलेले असतात. त्याला कच्च्या मालाचा भाव लावून आकडा काढा. मग हायड्रोजनेशन जॉबवर्कवर करून देणाऱ्या दोन-तीन युनिट्सकडून दर मागवा, आणि शेजारच्या चार गाळेवाल्यांनाही बरोबर घ्या, कारण एकट्याच्या मालासाठी ते चांगला दर देणार नाहीत. दर आले की इथेच खाली लिहा, सध्याच्या स्लजच्या खर्चाशी हिशेब मी जुळवून देईन.