रोमन सम्राटांच्या चांदीच्या नाण्यांवरील चिन्हे ही केवळ सजावट होती का?

सम्राटाचा चेहरा असलेल्या नाण्याच्या मागील बाजूस ढाली, भाले, पूजेची उपकरणे अशी चिन्हे का असत, ती निव्वळ सजावट होती का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ती सजावट मुळीच नव्हती. राज्य कोणाचे हे देनारियस या नाण्याच्या दर्शनी बाजूवर दिसे आणि ते कोणत्या अधिकाराने त्याचे, हे मागील बाजू सांगे.

रोममध्ये पाडलेल्या नाण्यांवर पूर्वी देवदेवता आणि थोर पूर्वज असत. हयात असताना स्वतःचा चेहरा रोमच्या नाण्यांवर आला तो इ.स.पू. ४४ मध्ये जूलियस सीझरचा, आणि त्याच वर्षी त्याची हत्या झाली. मारेकऱ्यांपैकी ब्रूटसने पुढे आपल्या नाण्यावर दोन खंजीर आणि त्यांच्यामध्ये दास्यमुक्तीची टोपी कोरून या हत्येचे उघड समर्थन केले. गंमत अशी की त्याच नाण्याच्या दर्शनी बाजूवर त्याने स्वतःचा चेहरा घातला.

पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याने हे तंत्र पूर्णत्वास नेले. त्याचे लुग्दुनुम (आजचे फ्रान्समधील लिऑं) येथे पाडलेले एक नाणे नीट पाहण्याजोगे आहे. दर्शनी बाजूवर लॉरेलच्या पानांची माळ ल्यालेले मस्तक असून, भोवतीच्या लेखात तो स्वतःला देवत्व पावलेल्याचा, म्हणजे सीझरचा, पुत्र आणि राष्ट्रपिता म्हणवतो. मागे गायस आणि लूसियस हे त्याचे दत्तक घेतलेले नातू उभे आहेत. मध्ये दोन ढाली व भाले आहेत आणि वर यज्ञातील पळी व शकुन पाहणाऱ्या पुरोहिताचा वाकडा दंड आहे. शस्त्रे आणि धर्म या दोन्हींचा वारसा या मुलांकडे जाणार, असे जेमतेम पावणेचार ग्रॅम चांदीवर त्याने साऱ्या साम्राज्याला कळवले. प्रत्यक्षात लूसियस इ.स. २ मध्ये आणि गायस इ.स. ४ मध्ये मरण पावला, आणि गादी टायबेरियसकडे गेली.

हेच नाणे, तसेच टायबेरियसचे नाणे, दक्षिण भारतातील साठ्यांमध्ये विपुल सापडते. येथील व्यापाऱ्यांना मात्र वारसापेक्षा चांदीच महत्त्वाची होती: इ.स. ६४ मध्ये नीरोने वजन आणि शुद्धता दोन्ही घटवल्यानंतरची देनारियस नाणी भारतात क्वचितच आढळतात.