वाचक विचारतात : टेलच्या माणसाची गरज कोणाला?

प्रश्न : आमची अडीच एकर जमीन मायनरच्या, म्हणजे लहान कालव्याच्या, अगदी टेलला, पाणी सगळ्यात शेवटी पोचतं त्या टोकाला. पाणी वापर संस्था आहे, बोर्ड आहे, शिक्का आहे, चेअरमन आहेत. पण रब्बीच्या आवर्तनात, म्हणजे कालव्याला पाणी सोडायच्या पाळीत, पाणी आलंच तर रात्री दोनला येतं आणि गहू अर्धा भिजायच्या आत बंद होतं. वरच्यांचे ऊस हिरवेगार. मीटिंगमध्ये बोललो की 'जरा थांबा, बघू' एवढंच. आता मायनरचं सिमेंटचं अस्तरीकरण होणार म्हणतात. त्याने टेलला पाणी येईल का?
— एक खातेदार, अहिल्यानगर जिल्हा

दादा, पाणी वाचेल हे नक्की, पण ते तुमच्या वाफ्यात येईल असं काँक्रीट काही लिहून देत नाही. झिरपा कमी झाला की वाचलेलं पाणी आधी वरच्याच्याच दारातून जाणार, आणि त्याने तिथं एकरभर ऊस वाढवला की संपलं. शिवाय एक गोष्ट कोणी सांगत नाही ती म्हणजे, मायनरच्या कडेच्या विहिरींना हाच झिरपा पाणी देतो, अस्तर झालं की त्या विहिरी उन्हाळ्यात खाली जातात, मग ते शेतकरीसुद्धा पाटाच्या पाण्यावर येतात आणि रांग आणखी लांब होते.

मी हे पुस्तकातून सांगत नाहीये. आमच्याच गावच्या चारीवर (कालव्यातून निघणाऱ्या लहान पाटावर) एकदा शेजपाळीच्या, म्हणजे क्रमाने पाणी घ्यायच्या, रात्री आम्ही चौघं बॅटऱ्या घेऊन वर चालत निघालो, कारण आमच्याकडे पाणी चार बोटं सुद्धा नव्हतं. तिसऱ्या आउटलेटचं, म्हणजे शेताकडे पाणी सोडायच्या दाराचं, झाकण बंद होतं, कुलूप पण होतं, कागदावर सगळं बरोबर. खाली हात घातला तर झाकणाखाली आडवी वीट, आणि तिच्या दोन्ही बाजूंनी पाणी गुळगुळ चाललेलं. वीट काढली, खाली आलो, तासाभराने परत पाणी कमी. परत वर जायची कोणाच्यात ताकद नव्हती, झोपलो. आता सांगा, इथं अस्तर काय करणार?

प्रश्न पाण्याचा कमी आणि गरजेचा जास्त आहे. वरच्या माणसाला खालच्या माणसाची गरज काय, हे आधी विचारा. उत्तर 'काहीच नाही' असेल तर पाणी येत नाही, मग कायदा कितीही चांगला असो.

नेपाळचं उदाहरण देतो. रूपंदेही जिल्ह्यात बुटवलजवळ तिनाउ नदी डोंगरातून सपाटीला उतरते, तिथं छत्तीस मौजा नावाचा कुलो आहे, कुलो म्हणजे आपला पाट. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला थारू शेतकऱ्यांनी खणलेला, भिजणारं क्षेत्र साधारण ३,५०० हेक्टर. शेजारच्या सोऱ्ह मौजाबरोबर नदीचं पाणी ६०:४० वाटून घेतलेलं. सुरुवातीला छत्तीस गावं होती म्हणून तसं नाव, पुढे वाढली. तर या पाटाचा मुखाकडचा बांध दगड, झुडपं, लाकडं यांचा असायचा आणि पावसाळ्यात नदी तो वाहून न्यायची, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. प्रत्येक वेळी गावागावाने क्षेत्राच्या हिशोबाने माणसं पाठवायची, आलं नाही की दंड. आपल्याला वाटतं केवढा त्रास. पण बघा, एवढं मनुष्यबळ एकट्या वरच्या गावांकडे नव्हतं, टेलची माणसं आली नाहीत तर बांध उभा राहत नाही आणि बांध नाही तर वरच्यालाही पाणी नाही. म्हणून टेलच्या गावाला मीटिंगमध्ये आवाज होता.

एलिनॉर ऑस्ट्रॉम, ज्यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्या आणि त्यांचे सहकारी नेपाळचे असे पुष्कळ पाट तपासत होते. त्यांना दिसलं ते इंजिनियर लोकांना आवडणारं नव्हतं. सरकारने मुखाशी पक्कं काँक्रीट बांधून दिलेल्या बऱ्याच योजनांमध्ये टेलला पाणी कमी पोचत होतं, आणि शेतकऱ्यांच्या कच्च्या बांधांवर जास्त. पक्कं काम झालं की दरवर्षीची दुरुस्ती संपते, दुरुस्ती संपली की वरच्याची गरज संपते. म्हणून काँक्रीट नको असं मी म्हणत नाही, दरवर्षी झुडपं वाहायला कोणाला हौस आहे? पण ते करताना टेलची किंमत कशात राहणार हे आधी ठरवायचं असतं.

फिलिपिन्सच्या इलोकोस भागात झांजेरा म्हणून शेतकऱ्यांच्या पाणी वाटणाऱ्या संस्था आहेत, त्यांनी तर कमाल केली. जमीनच वर, मध्ये, खाली अशी पट्ट्यांत वाटलेली आणि प्रत्येक सभासदाचा तुकडा प्रत्येक पट्ट्यात. पाणी कमी पडलं की खालचा पट्टा सोडून द्यायचा, सगळ्यांचं सारखंच नुकसान. आणि पदाधिकाऱ्यांना मानधन म्हणून जादा जमीन द्यायची ती मुद्दाम टेलला! म्हणजे चेअरमनलाच टेलचं पाणी बघावं लागतं. तुमचे चेअरमन कुठले हो, वरचेच ना?

आपल्याकडे धुळे-नाशिकच्या पांझरा, मोसम, आरम नद्यांवरची फड पद्धत याच जातीची. तीन-चारशे वर्षं जुनी. बंधारा, पाट, चाऱ्या आणि क्षेत्राचे तीन-चार फड, एका फडात एकच पीक, यंदा ऊस कुठल्या फडात ते सगळ्यांनी बसून ठरवायचं. बऱ्याच लोकांची जमीन एकाहून जास्त फडांत, त्यामुळे मी वरचा, तू खालचा हे भांडण तिथं फार टिकत नव्हतं. पाणी देणारा पाटकरी हा गावाचा नोकर, खातेदाराने स्वतः दार उघडायचं नाही. नंतर वर धरणं झाली, विहिरी वाढल्या, ज्याने त्याने आपापलं पीक घ्यायला सुरुवात केली आणि बरेच फड मोडले.

तुमच्या कामाचं उदाहरण मात्र वाघाडचं. नाशिक जिल्ह्यातलं हे धरण, पण टेलला ओझरच्या शेतकऱ्यांपर्यंत पाणी पोचत नव्हतं. समाज परिवर्तन केंद्र या संस्थेच्या बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने १९९१ च्या सुमारास टेललाच तीन संस्था उभ्या राहिल्या, महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा. वरच्यांची वाट बघितली नाही. पाणी मोजून मागितलं, पाणीपट्टी एकत्र भरली. पुढे वरच्या भागातही संस्था झाल्या आणि २००३ ला सगळ्यांची मिळून प्रकल्प पातळीची संस्था झाली.

आता तुम्ही काय करायचं. पाणी वापर संस्थांसाठीच्या महाराष्ट्राच्या २००५ च्या कायद्यात पाणी घनमापनाने म्हणजे मोजून द्यायचं आहे आणि संचालक मंडळात वरचे, मधले, खालचे सारख्या संख्येने हवेत. तर पहिलं म्हणजे मायनरच्या तोंडाशी मोजमापाची पट्टी आहे का बघा, आणि आवर्तनात किती पाणी आलं, कोणाला किती तास गेलं याची वही तुमच्यातल्या कोणीतरी ठेवा, शाळकरी पोरगं ठेवलं तरी चालेल. भांडणात वही बोलते. दुसरं, टेलच्या सगळ्यांनी पाणीपट्टी एकगठ्ठा भरा, वेगवेगळी नाही, संस्थेची वसुली तुमच्यावर अडली पाहिजे. तिसरं, पाटकऱ्याचा निम्मा पगार टेलचा शेवटचा वाफा भिजल्यावरच द्यायचा असा ठराव घ्या. आणि अस्तरीकरणाच्या कामाचा ताबा संस्थेने घ्यायच्या आधी पाणी टेलपर्यंत सोडून दाखवा म्हणा, नुसतं काँक्रीट बघून सही नको.

प्रश्न : ठिबक केलं की या संस्थांची भानगडच नको ना?
— एक वाचक, पुणे

अहो, ठिबकला रोज किंवा दिवसाआड थोडं पाणी लागतं, पाट येतो आवर्तनाने, मध्ये तीन-चार आठवडे कोरडे. मधल्या काळात नळीत काय सोडणार? त्यासाठी विहीर नाहीतर शेततळं लागतं आणि ते भरायला परत पाटच लागतो. वाघाडकडचे द्राक्षवाले ठिबकच वापरतात, पण विहिरी भरतात त्या पाटाच्या पाण्यावर. म्हणून तिथं ठिबक आणि संस्था दोन्ही आहेत.

प्रश्न : फड म्हणजे तमाशाचाच फड ना, तो शेतात कुठून आला?
— एक वाचक, ठाणे

शब्द तोच, फड म्हणजे जमलेला घोळका किंवा ती जागा. तमाशाचा असतो, कुस्तीचा असतो, उभ्या उसाचा असतो. पाण्याच्या फडावरही गर्दी कमी नसायची.