ओपीडीत नवीन आहेस तर हे वाच

अगं, ठाण्यातल्या वागळे इस्टेटकडच्या बायका घरच्या मारहाणीबद्दल बोलत नाहीत, बीपी, डोकेदुखी एवढंच सांगतात, आणि सासू बाजूला असताना तू थेट 'घरी मारतात का' विचारलंस की संपलंच. आधी सासूला केसपेपर काढायला पाठव, पडदा ओढ, मग 'घरी कोणाची भीती वाटते का' विचार. फुटलेल्या बांगडीनं मनगट कापलंय आणि म्हणते बाथरूममध्ये पडले, तर वाद घालू नकोस, जखम कुठे, केवढी, ते तिच्या शब्दांसकट नीट लिहून ठेव. २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यानं तिनं मागितले तर उपचार द्यावेच लागतात. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर तिच्या मोबाइलमध्ये सेव्ह नको हां, नवरा फोन चेक करतो, तिच्याकडून तोंडपाठ करून घे. तंबाखूचंही तसंच, लेक्चर नको, दिवसाला किती पुड्या एवढंच विचार. आणि 'सोड त्याला' तर अजिबात म्हणू नकोस, घरी परत तिलाच जायचंय.