छोट्या कॉलेजचा कॅम्पस सुधारायचा तर माजी विद्यार्थ्यांनी पैसे कुठे घालावेत?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या बॅचच्या मुलामुलींनी मिळून तालुक्याच्या कॉलेजला देणगी द्यायचं ठरवलंय. संस्थेला प्रवेशद्वाराची कमान आणि सभागृह हवंय, तुम्हाला मात्र मुलांच्या रोजच्या उपयोगाचं काहीतरी करायचंय. मी अशाच एका छोट्या कॉलेजात भूगोल शिकवतो आणि राष्ट्रीय सेवा योजनेचं कामही बरीच वर्षं पाहिलंय. माझं स्पष्ट मत सांगतो. कमानीला पैसे देऊ नका, आणि सभागृहालाही एवढ्यात नको.

आधी एसटीचं वेळापत्रक मागवून घ्या. आमच्यासारख्या कॉलेजचं जीवन त्या वेळापत्रकावर चालतं. खेड्यातून येणारी मुलं सकाळच्या गाडीने येतात, तास दुपारी संपतात आणि गावाकडे जाणारी गाडी त्यानंतर दीड-दोन तासांनी असते. हा मधला वेळ म्हणजेच त्यांचं कॉलेज. मैत्री, अभ्यास, वादविवाद, नाटकाची तालीम, स्पर्धा परीक्षेची चर्चा, सगळं त्याच वेळात होतं. बसायला जागा असेल तर होतं, नसेल तर मुलं स्टँडवर जाऊन बसतात. मुलींना स्टँडवर ताटकळणं नको वाटतं, म्हणून त्या शेवटचा तास बुडवून आधीची गाडी धरतात. हजेरीपटात ती गैरहजेरी दिसते, तिचं कारण दिसत नाही.

मुलींचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट सांगतो. बारावीपर्यंत त्यांना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत मिळतो. प्रथम वर्षाला आल्या की पासाचे पैसे सुरू होतात. सवलत असते, एक तृतीयांशच भाडं भरावं लागतं, पण दर महिन्याला घरात ते मागावं लागतं. ज्या घरात मुलीला पुढे शिकवायचं की नाही हे अजून ठरत असतं, तिथे तेवढी रक्कमही शिक्षण थांबवायला पुरते. तुमच्या निधीतून गरजू मुलींचे पास काढून दिलेत, तर त्यावर कुणाच्या नावाची पाटी लागणार नाही, पण पटावरच्या मुली टिकतील. हे मी अगदी खात्रीने सांगतो.

आता बांधकाम. पहिला मान मुलींच्या स्वच्छतागृहाला द्या. किती कॉलेजांत खोली आहे पण नळाला पाणी नाही, दाराला आतून कडी नाही, आणि किल्ली शिपाईमामांकडे! आमच्या सेवा योजनेच्या मुलींशी बोलताना कळलं की त्यातल्या कित्येकजणी घरातून निघाल्यावर परत जाईपर्यंत पाणीच पीत नाहीत. उन्हाळ्याच्या परीक्षेतसुद्धा. हे ऐकल्यावर कमानीची चर्चा करायला माझी जीभ रेटत नाही. वर टाकी, खाली बोअरची जोडणी, आतून लागणारी कडी, सॅनिटरी पॅडसाठी झाकणाची बादली, आणि रोज साफ करणारी बाई. तिचा पगार कुठून येणार हे बांधकामाआधी ठरवा. जमलेल्या रकमेतला एक भाग मुदत ठेवीत टाकून व्याजातून तो भागवता येईल. इमारतीला देणगीदार मिळतात, झाडलोटीला मिळत नाहीत.

दुसरी गोष्ट अभ्यासिका. नवी इमारत लागत नाही. असलेल्या ग्रंथालयाला लागून एक मोठी खोली, पंखे, भरपूर उजेड, इन्व्हर्टर आणि चार्जिंगचे पॉइंट एवढं पुरेसं आहे. खरी अडचण असते ती खोली उघडी ठेवायची कुणी. यावर उत्तर आपल्याच मातीत आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1947 साली साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं, तिथे मुलं काम करून शिकली, आणि पुढे ‘कमवा आणि शिका’ ही योजना विद्यापीठांनीही स्वीकारली. तुमच्या कॉलेजात ती योजना असेल तर अभ्यासिकेच्या कामासाठी त्यात चार-दोन विद्यार्थी वाढवा, त्यांचं मानधन तुम्ही द्या. शेवटची गाडी सुटेपर्यंत खोली उघडी राहील आणि त्या मुलांचाही खर्च निघेल.

मैदानाला मात्र हात लावू देऊ नका. सभागृहासाठी जागा शोधताना सगळ्यांची नजर मैदानाच्या कोपऱ्याकडेच जाते. पहाटे तिथे जाऊन बघा, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं धावत असतात. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800, शिवाय गोळाफेक. कोपरा गेला की धावपट्टीच मोडते, आणि डांबरी रस्त्यावर धावून गुडघे दुखावलेली मुलं मी पाहिली आहेत. मुरूम टाकून, रोलर फिरवून, चुन्याने नीट आखलेली पट्टी आणि चार दिवे यांचा खर्च सभागृहाच्या मानाने किरकोळ आहे. स्नेहसंमेलन वर्षातून एकदाच होतं, त्याला मांडव चालतो.

संस्था म्हणेल, नॅकसाठी, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनासाठी, सभागृह लागतं. नॅकच्या आजवरच्या सात निकषांत चौथा पायाभूत सुविधांचा आणि पाचवा विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या साहाय्याचा आहे. तिथे ग्रंथालयाबद्दल विचारतात, खेळाच्या सोयींबद्दल विचारतात, शिष्यवृत्त्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाबद्दलही विचारतात. म्हणजे मी सुचवतोय ती कामं तिथेही वाया जात नाहीत. हे अध्यक्षांना शांतपणे, कागद पुढे ठेवून सांगा. ते बहुतेक वेळा ऐकतात. कमानीचा हट्ट पुष्कळदा एवढ्यासाठीच असतो की दुसरं कुणी काही सुचवलेलंच नसतं.

आणि पैसे थेट कुणाच्या हातात देऊ नका. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 च्या कलम 97 प्रमाणे संलग्न महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असावी लागते. कॉलेजचा सर्वंकष विकास आराखडा तयार करणं हे तिचंच काम. तिच्यावर चार स्थानिक सदस्य असतात आणि त्यांतला किमान एक माजी विद्यार्थी असावा लागतो. विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिवही सदस्य असतात, प्राचार्य सदस्य-सचिव. वर्षातून किमान चार बैठका व्हायला हव्यात. तुमच्या कॉलेजात त्या जागेवर कोणता माजी विद्यार्थी आहे, हे प्राचार्यांना लेखी विचारा. मग तुमचा प्रस्ताव विषयपत्रिकेवर घ्यायला लावा, ठराव होऊ द्या, आणि त्याची प्रत हातात आल्यावरच पहिला हप्ता सोडा.

बैठकीआधी एक दिवस काढून गावाकडे जा. तुमच्यापैकी दोन बायका मुलींशी बोलू देत, प्राध्यापक कुणी बरोबर नको. काय हवंय हे त्या पाच मिनिटांत सांगतील. त्यांनी माझ्या यादीपेक्षा वेगळं काही सांगितलं, तर त्यांचं ऐका.